थर्मोस्टॅटचा विद्युत दोष शोधताना हँडहेल्ड स्कॅनर कितपत उपयोगी पडला

माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा गॅरेजमध्ये पी०५९७ हा कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, निघाला आणि तेवढ्यावरून थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, रेडिएटरकडे कधी सोडायचे ते ठरवणारी झडप) बदलला गेला. दोन दिवसांनी तोच कोड परत आला. त्यानंतर मी स्वतःचा स्कॅनर घेतला. नुसते कोड वाचणारा नव्हे, तर चालू इंजिनचे आकडे दाखवणारा आणि एखाद्या भागाला चालू-बंद होण्याची आज्ञा देणारा. आठ महिन्यांच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे. त्यात थर्मोस्टॅटच्या प्रकरणावरच भर आहे, कारण या उपकरणाचे गुण आणि मर्यादा मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसल्या.

साध्या थर्मोस्टॅटला वायर नसतेच. आतले मेण तापून वितळते, फुगते आणि झडप उघडते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या थर्मोस्टॅटमध्ये त्याच मेणात एक छोटा हीटर बसवलेला असतो. गाडी निवांत चालत असताना कूलंट १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहू दिले जाते, आणि इंजिनवर भार आला की ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) हीटरला वीज देऊन झडप लवकर उघडायला लावतो, त्यामुळे तापमान ९० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येते. हीटर बंद पडला तरी मेण आपल्या ठरलेल्या तापमानाला वितळतेच, म्हणून चालकाला दिव्याखेरीज फारसे काही जाणवत नाही.

पी०५९७ म्हणजे या हीटरचे सर्किट कुठेतरी तुटलेले आहे, पी०५९८ म्हणजे त्यातील व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आहे आणि पी०५९९ म्हणजे ते जास्त आहे. यांपैकी एकही कोड थर्मोस्टॅट खराब असल्याचे सांगत नाही. सर्किटमध्ये फ्यूज, वायर, कपलर (वायर जोडण्याचा प्लग) आणि ईसीयूही येतात. माझ्या स्कॅनरचा मदत-मजकूर मात्र तिन्ही कोडांखाली थर्मोस्टॅट बदलण्याचाच सल्ला देतो, आणि या किमतीच्या उपकरणात ही चूक मला गंभीर वाटते, कारण नवखा माणूस पडद्यावरच्या त्या ओळीवर विश्वास ठेवून विनाकारण कूलंट उपसायला लागेल.

याउलट तापमानाचा आलेख उत्तम आहे. डॅशबोर्डवरचा काटा अनेक गाड्यांमध्ये बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे त्यावरून निदान करता येत नाही. आलेखात तापमान १०४ अंशांपर्यंत चढून तिथे स्थिरावताना दिसले, म्हणजे झडप यांत्रिकदृष्ट्या ठीक होती. ती उघडी अडकली असती तर इंजिन तापायलाच वेळ लागला असता आणि बहुधा पी०१२८ हा वेगळा कोड आला असता.

पुढचे काम मल्टिमीटरचे होते. इंजिन थंड असताना कपलर काढून हीटरचा रोध मोजला, तो १५ ओहम भरला. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा, पण अनंत किंवा शून्याजवळचा रोध कुठेही चालणार नाही. नवा थर्मोस्टॅट निर्दोष होता. मग ५ वॅटचा बल्ब बॅटरीचा धन अग्र आणि ईसीयूकडून येणारी नियंत्रण वायर यांच्यामध्ये लावून स्कॅनरवरून हीटर चालू करण्याची आज्ञा दिली, तेव्हा बल्ब आज्ञेबरोबर पेटला आणि विझला. ईसीयू आणि ती वायर दोन्ही या एका चाचणीत संशयातून सुटले. केवळ कोड वाचणाऱ्या स्वस्त उपकरणाला हे जमत नाही, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे याच सोयीसाठी मोजावेत.

राहिली पुरवठ्याची वायर. इग्निशन चालू करून मीटर लावला तर १२.२ व्होल्ट, म्हणजे वरकरणी सर्व ठीक. तोच बल्ब या वायरीवर आणि अर्थवर, म्हणजे बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेल्या गाडीच्या धातूच्या भागावर, लावला, तर तो पेटलाच नाही. मीटर स्वतः जवळजवळ वीज घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. हीटरला मात्र सुमारे ०.८ अँपिअर लागतात आणि तेवढे त्या तारेतून जात नव्हते. वायर चाचपत गेल्यावर एका क्लिपजवळच्या वळणावर इन्सुलेशनखाली हिरवा गंज सापडला. तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडला आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. केबल आखूड असल्याने पडदा पाहत बॉनेटखाली काम करता येत नाही, आज्ञा द्यायला दुसरा माणूस लागतो. एकाच वेळी बरीच आकडेवारी निवडली की आलेख अडखळतो, म्हणून दोन-तीन नोंदीच ठेवाव्यात. विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीच्या मॉडेलवर थर्मोस्टॅट हीटरची आज्ञा चालते का, हे सुसंगत गाड्यांच्या यादीत तपासावे. पेटीवर सर्व गाड्यांसाठी असे लिहिलेले असले तरी ते बहुतेकदा कोड वाचण्यापुरतेच खरे असते.

दुरुस्तीनंतर लांब चढावर सोबत्याला पडद्याकडे पाहायला सांगून गाडी चालवली. पायथ्याशी १०५ अंशांवर असलेला आलेख ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर थोड्याच वेळात उतरू लागला आणि ८९ अंशांवर येऊन थांबला. कोड पुन्हा आलेला नाही.