विद्यापीठातलं संशोधन: परवाना द्यायचा की कंपनी काढायची?

परभणीच्या कृषी विद्यापीठात पीएच.डी. करताना एखादं चांगलं वाण किंवा जिवाणू खत हाती लागलं, तर पुढे दोन वाटा असतात. तयार कंपनीला परवाना देणं, किंवा स्वतःची स्पिन-ऑफ कंपनी, म्हणजे त्या संशोधनातूनच उभी राहिलेली कंपनी, काढणं. हक्क बहुधा विद्यापीठाकडे असतात, म्हणून स्वतःच्या कंपनीलाही विद्यापीठाशी करार करावाच लागतो. गूगललाही तो चुकला नाही: मूळ शोधपद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डचं होतं, आणि परवान्यापोटी विद्यापीठाने १८ लाख शेअर घेतले.

वाण असेल तर परवानाच बरा. एमएयूएस ६१२ सारख्या सोयाबीनचे गुण बियाण्यातच असतात. पैदासकार बियाणं, म्हणजे विद्यापीठाने तयार केलेलं मूळ शुद्ध बियाणं, मिळालं की बियाणे कंपनी ते वाढवते.

जिवाणू खताचं तसं नाही. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप रायझोबियमच्या (कडधान्यं, सोयाबीन यांच्या मुळांत नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूच्या) एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. प्रयोगशाळेत हा आकडा गाठता येतो. खरी कसोटी मे महिन्यात लागते, बाटली कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली ४२ अंशांत पडून असते तेव्हा. तिथे पेशी तगवण्याचं कसब कागदावर पुरतं उतरत नाही. ते ज्याच्या हातात आहे त्यानेच कंपनी काढावी, असं मला ठामपणे वाटतं. परवाना घेणाऱ्याला ते जमलं नाही, तर चांगला जिवाणू शेतकऱ्यांत नाहक बदनाम होतो.

मात्र पैशाचं गणित कठीण आहे. माल खपतो तो मृगाच्या पावसानंतर, पेरणीच्या दोन-तीन आठवड्यांत. उधारी सुटते ती सोयाबीन मोंढ्यावर आल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीला. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतं, स्टार्टअप इंडियाच्या बीज निधीतून २० लाखांपर्यंत. पण ते पैसे कल्पना सिद्ध करण्यासाठी असतात, उधारी पेलण्यासाठी नाहीत. खेळत्या भांडवलाची सोय नसेल तर घरची शेती गहाण टाकून या वाटेला जाऊ नका. विद्यार्थ्याने कंपनी चालवायची आणि मार्गदर्शकाने नोकरीत राहून, विद्यापीठाच्या परवानगीने, सल्लागार व्हायचं, ही रचना त्यातल्या त्यात झेपणारी.

जिवाणू खत असेल तर वाट कुठलीही घ्या, शोधनिबंध छापायच्या आधी पेटंटचा अर्ज करा. आधी छापलं तर बहुतेक वेळा नावीन्याचा दावा जातो. निसर्गात सापडलेल्या जिवाणूला पेटंट मिळत नाही, पण त्याला उन्हात टिकवणाऱ्या द्रावणाला मिळू शकतं, तेव्हा अर्ज त्याचा करा.