एमएस रीडॅथॉन : तिसरीतल्या मुलीसोबत घालवलेला ऑगस्ट

ऑस्ट्रेलियातल्या शाळांमध्ये दर ऑगस्टला होणाऱ्या 'एमएस रीडॅथॉन' या उपक्रमात माझ्या तिसरीतल्या मुलीने यंदा प्रथमच भाग घेतला. मुलांनी महिनाभर पुस्तके वाचायची, नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी त्या वाचनाला देणगीची जोड द्यायची आणि जमलेली रक्कम मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस हा मज्जातंतूंचा आजार झालेल्या लोकांसाठी वापरायची, अशी ही योजना आहे. ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चालत आली असल्यामुळे इथे वाढलेल्या माझ्या सहकाऱ्यांना स्वतःचे शाळेतले दिवस लगेच आठवले आणि त्यांच्यापैकी दोघींनी मुलीला पहिली देणगी दिली. मेलबर्नमधल्या इतर मराठी पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मला या उपक्रमाविषयी आस्था वाटण्याचे कारण घरातलेच आहे. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीला तिशीच्या आत हा आजार झाला. सुरुवात डोळ्यापासून झाली. एका डोळ्याने अक्षरे पुसट दिसू लागली, चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडेना, आणि बऱ्याच महिन्यांनी मेंदूचा एमआरआय झाल्यावर निदान झाले. भारतात हा आजार तुलनेने कमी आढळत असल्यामुळे नातेवाइकांपैकी कोणीही त्याचे नाव पूर्वी ऐकलेले नव्हते. ऑस्ट्रेलियात मात्र ३३ हजारांहून अधिक लोकांना तो आहे, रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया आहेत, आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके त्याचे प्रमाण वाढत असल्याने उत्तरेकडच्या क्वीन्सलँडपेक्षा दक्षिणेकडच्या टास्मानियात तो अधिक दिसतो. डोळ्याच्या मज्जातंतूला सूज येणे हे एमएसचे अनेकांच्या बाबतीतले पहिले लक्षण असते. ज्या आजारात वाचणेच अवघड होऊन बसते, त्या आजाराच्या रुग्णांसाठी मुलांनी वाचावे, यात मला फार मोठे औचित्य वाटते.

नावनोंदणी संकेतस्थळावर विनामूल्य होते. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र पान तयार होते, त्यावर किती पुस्तके वाचायची आणि किती निधी जमवायचा ते ठरवता येते, आणि वाचून झालेले पुस्तक तिथे नोंदवायचे असते. पानाचा दुवा आम्ही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवला आणि चार दिवसांत ठरवलेल्या रकमेपैकी निम्मी जमली. दोन डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीवर इथे करसवलत मिळते, त्यामुळे कार्यालयातल्या लोकांना विचारतानाही संकोच वाटला नाही. नाशिकच्या आजीआजोबांना मी पैसे पाठवू नका असे सांगितले आणि त्याऐवजी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातीचे वाचन ऐकण्याचे काम दिले. मागच्या भारतभेटीत आणलेली मराठी बालपुस्तके त्यामुळे कपाटातून बाहेर आली, आणि आम्ही ती इंग्रजी पुस्तकांच्या बरोबरीने निःसंकोचपणे नोंदवली. जोडाक्षरांवर अडखळणारी माझी मुलगी महिनाअखेरीस पूर्ण पान न थांबता वाचू लागली, हा लाभ माझ्या लेखी निधीपेक्षा कमी नाही.

पुस्तकांची संख्या हेच माप ठेवले की मुले पातळ पुस्तके निवडू लागतात, ही अशा सर्वच उपक्रमांची अडचण आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या 'प्रीमियर्स रीडिंग चॅलेंज' या वाचन उपक्रमात दुसरीपर्यंतच्या मुलांना ३० आणि तिसरीपासून पुढच्यांना १५ पुस्तके असे वयानुसार उद्दिष्ट असते, आणि तिथे पैशाचा संबंध नसल्यामुळे स्पर्धेचा ताणही कमी असतो. रीडॅथॉनमध्ये उद्दिष्ट आपणच ठरवायचे असल्याने ही जबाबदारी पालकांवर येते. आम्ही आठ पुस्तके ठरवली आणि त्यांपैकी दोन जाड असावीत अशी अट घातली. ज्या वर्गात कोणी किती निधी जमवला याची यादी भिंतीवर लावली जाते, तिथे ज्यांच्या नातेवाइकांची ऐपत कमी आहे त्या मुलांची अवस्था काय होत असेल, याचा शिक्षकांनी अवश्य विचार करावा.

एका गोष्टीबाबत पालकांनी मुलांना अचूक माहिती द्यावी असे मला मनापासून वाटते. आपल्या पैशातून आजारावरचे औषध शोधले जाणार, असे बहुतेक मुले गृहीत धरतात आणि माझी मुलगीही तसेच समजत होती. प्रत्यक्षात रीडॅथॉनचा निधी मुख्यतः आई किंवा वडिलांना एमएस असलेल्या कुटुंबांच्या आधारासाठी आणि त्यांच्या एकत्रित शिबिरांसाठी वापरला जातो. संशोधनासाठी एमएस ऑस्ट्रेलिया ही संस्था 'किस गुडबाय टू एमएस' या नावाने वेगळी मोहीम चालवते. संशोधनाचे महत्त्व तर निर्विवाद आहे. २०२२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासून, बहुतेकांना कधी ना कधी होणाऱ्या एपस्टाइन-बार या सामान्य विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो असे दाखवले आणि प्रतिबंधक लशीच्या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. मी हा फरक समजावून सांगितल्यावर मुलीने पुढच्या वर्षी वाढदिवसाचे पैसे संशोधनाला द्यायचे ठरवले, पण शिबिराची कल्पनाही तिला तितकीच आवडली, कारण आईला किंवा वडिलांना हाच आजार असलेली मुले तिथे एकमेकांना भेटतात, हे तिला फार महत्त्वाचे वाटले.

आजार समजावताना चार्जरची टोकाशी सोललेली वायर उपयोगी पडली. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी खराब करतात आणि त्यामुळे संदेश मध्येच अडतात, हे तिला तेवढ्यावरून कळले. हा आजार संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, हेही आवर्जून सांगावे, कारण वर्गातल्या मुलांचा पहिला प्रश्न तोच होता.

दुसरी ते सहावीच्या मुलांसाठी मी या उपक्रमाची निःशंकपणे शिफारस करते. त्याहून लहान मुलांना आईवडिलांनी वाचून दाखवावे लागेल आणि त्यासाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवावा लागेल. नोंदणी जुलैतच करावी, म्हणजे मराठी पुस्तके मागवायला वेळ मिळतो. पुढच्या ऑगस्टला माझी मावसबहीणही व्हिडिओ कॉलवर येणार आहे. तिला आता छापील अक्षरे फार वेळ वाचता येत नाहीत, म्हणून कोणते पुस्तक ऐकायचे ते तीच निवडणार आहे.