खाऱ्या हवेत दहा महिने: आरएचसीएसए या लिनक्स परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना मिनी पीसी

गेल्या गणपतीत दादा (चुलतभाऊ, मुंबईत नोकरीला) गावी आला तो बॅगेत चादरीत गुंडाळलेला एक डबा घेऊन. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून माझ्यासाठी घेतलेला सेकंडहँड मिनी पीसी. कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात पाच-सहा वर्षं राबून बाहेर पडलेला. वजन सव्वा किलोच्या आसपास, आकार मिठाईच्या अर्धा किलोच्या बॉक्सएवढा. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. या आकाराचे दोन-तीन मोठ्या कंपन्यांचे डबे बाजारात मिळतात आणि आतून सगळे एकमेकांचे मावसभाऊच आहेत.

आत आठव्या पिढीचा इंटेल कोअर आय-फाइव्ह ८५००टी. सहा कोअर, ३५ वॉटचा. सोबत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एनव्हीएमई डिस्क. किंमत १३,५०० रुपये. मी वरून १६ जीबीच्या दोन जुन्या रॅम टाकल्या, लॅपटॉपच्याच लागतात. सगळं मिळून १९ हजारांच्या आत बसलं.

मी रत्नागिरीजवळ एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघतो. कागदावर हुद्दा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. प्रत्यक्षात काट्यावरचा पीसी, हजेरीचं मशीन, कॅमेरे, टॅलीचा सर्व्हर, दोन लिनक्स सर्व्हर, आणि शेठच्या मुलीचा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म. एप्रिल-मे घरी जेवायला मिळालं तर मिळालं. बाकी वर्षभर प्रिंटर. यातले दोन लिनक्स सर्व्हर माझ्या आधीच्या माणसानं बसवून ठेवले होते आणि ते सेंटओएस ७ या फुकट लिनक्सवर होते. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्यांना हात लावायची मला भीती वाटायची हे कबूल करतो. कमांड नेटवरून उचलायची, एंटर दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, अशी माझी पद्धत होती. म्हणून आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीची, लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची परीक्षा) करायचं ठरवलं. ही परीक्षा पर्यायांवर टिकमार्क करायची नसते. तीन तास समोर चालू मशीन देतात आणि सांगितलेलं काम करून दाखवायचं. ३०० पैकी २१० ला पास.

आधी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनं (व्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर) चालवून पाहिली. ८ जीबी रॅममध्ये दोन व्हीएम उघडल्या की ब्राउझर मान टाकायचा. डब्यावर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवण्यासाठीचीच सिस्टिम) टाकलं आणि तो प्रश्न मिटला. २-२ जीबीच्या सहा व्हीएम एका वेळी आरामात चालतात, पंखा जेमतेम ऐकू येतो. खऱ्या रेड हॅटसाठी पैसे लागत नाहीत, हे बऱ्याच जणांना अजून ठाऊक नाही. डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत फुकट मिळतं, २०२१ पासून. अल्मा किंवा रॉकी या रेड हॅटसारख्याच फुकट लिनक्सवरही अभ्यास होतोच.

पण वेग किंवा रॅम हे या डब्याचं खरं देणं नव्हे. स्नॅपशॉट घ्यायचा (व्हीएमची त्या क्षणाची नोंद, बिघडलं तर तिथे परत जाता येतं) आणि बेधडक मोडतोड करायची, ही मुभा मला नोकरीत कधीच मिळाली नव्हती. पहिल्याच आठवड्यात एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कच्या यूयूआयडी या ओळखक्रमांकातला एक आकडा चुकवला, रीबूट केलं, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड मागायला लागलं. पासवर्ड आठवेना. कारखान्यात हे झालं असतं तर मी रजेचा अर्ज लिहायला घेतला असता. इथे मजा वाटली. ग्रबच्या (मशीन चालू होताना दिसणाऱ्या) यादीत ई दाबायचं, कर्नलच्या ओळीच्या शेवटी आरडी-डॉट-ब्रेक जोडायचं, सिसरूट, म्हणजे मशीनची खरी डिस्क, लिहिता येईल अशी परत माउंट करायची (जोडायची), क्रूट कमांडनं आत शिरायचं, पासवर्ड बदलायचा, आणि निघताना ऑटोरिलेबल नावाची रिकामी फाइल ठेवून यायचं. ती फाइल विसरलात तर पासवर्ड बरोबर असूनही मशीन आत घेत नाही, कारण पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फाइलवरचं एसई-लिनक्सचं (लिनक्सच्या आतल्या पहारेकऱ्याचं) लेबल बिघडलेलं असतं. मी विसरलो. तीनदा विसरलो. नंतर रोज रात्री आई भाकऱ्या थापायला बसली की मीही बसायचो. तिच्या दोन भाकऱ्या तव्यावरून उतरेपर्यंत माझा पासवर्ड बदलून झाला पाहिजे. चाळीसेक वेळा केल्यावर बोटांना पाठ झालं.

एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याची पद्धत) वाढवणं, एक्सएफएस ही फाइल सिस्टिम फक्त मोठी होते आणि लहान करता येत नाही हे हात पोळून कळणं, ८२ नंबरच्या पोर्टवर वेबसर्व्हर चालू होत नाही म्हणून फायरवॉलला शिव्या घालणं आणि शेवटी तो एसई-लिनक्सचा उद्योग निघणं, हे सगळं याच डब्यावर झालं. एकदा मात्र मीच माती खाल्ली. स्नॅपशॉट घेत राहिलो, पुसले एकही नाहीत, आणि २५६ जीबीच्या डिस्कवरचा थिन पूल (सगळ्या व्हीएमचा सामाईक साठा) काठोकाठ भरला. एकाएकी सगळ्या व्हीएम डिस्कच्या चुका ओकायला लागल्या. दोन व्हीएम नव्यानं बांधाव्या लागल्या. असलेल्यापेक्षा जास्त जागा कागदावर वाटून देण्याची सोय गोड आहे, पण हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो. घेणाऱ्यांनी पहिल्यापासूनच ५१२ जीबीची डिस्क घ्यावी.

आता हवेबद्दल. आमचं घर मिऱ्याच्या बाजूला, समुद्र दीडेकशे मीटरवर. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, भरकटून आमच्या किनाऱ्याला लागलेलं जहाज पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत पडलेलं अख्ख्या रत्नागिरीनं पाहिलंय. त्या हवेत माझा डबा. सुरुवातीला तो पडवीत ठेवला, कारण राउटर तिथे होता. दिवाळीपर्यंत केसच्या स्क्रूंवर तांबूस पावडर धरली. जानेवारीत रॅम दिसेनाशी झाली. ३२ जीबीऐवजी १६ दाखवायला लागला. उघडून पाहिलं तर पितळेच्या भांड्यात दही कळकावं तशी सॉकेटजवळ हिरवट झाक. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या, सॉकेट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं साफ केलं, परत ३२ दिसली.

त्याहून भारी प्रकार कुंभारीण माशीचा. नेटवर्कची केबल चार दिवस काढून ठेवली होती, परत लावायला गेलो तर पोर्टात जाईना. टॉर्च मारला. आत चिखलाचं नीट लिंपलेलं घरटं, वर झाकणासकट. टूथपिकनं टोकरून काढताना तांब्याच्या आठ पिना वाकू नयेत म्हणून अर्धा तास श्वास रोखून बसलो होतो. तेव्हापासून रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं, आणि डबा माजघरात फडताळावर, जिथे समुद्राचा वारा थेट येत नाही. तिथे गेल्यापासून नवा गंज जवळपास थांबला. आणखी एक लक्षात आलं: चालू असलेलं मशीन इथे जास्त टिकतं. स्वतःच्या उबेनं आतली दमट हवा कोरडी राहते. सुट्टीत आठवडाभर बंद ठेवलेल्या आमच्या कारखान्यातल्या पीसींपेक्षा रोज चोवीस तास चालणारा हा डबा आतून स्वच्छ आहे.

चोवीस तास म्हटलं की बिल आठवतं. प्लगला लावायच्या मीटरवर व्हीएम निवांत असताना १२ ते १५ वॉट दिसतात. म्हणजे महिन्याला ९ ते ११ युनिट. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या डब्यापेक्षा तुझा पंखा जास्त खातो." बरोबर आहे.

आईचा उल्लेख पुन्हा येणार, कारण लाईट गेली की या डब्याची मालकीण तीच. झालं असं की बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) जुन्या ऑफिसचा पासवर्ड तसाच होता. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला पाठवून द्या, काढून देतो. रत्नागिरीहून कोण पाठवतंय. नशिबानं व्हर्च्युअलायझेशन (व्हीएम चालवू देणारं सेटिंग) आधीच चालू होतं, नाहीतर अभ्यास तिथेच संपला असता. पण लाईट परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये असते आणि ती मला लावताच येत नाही. इन्व्हर्टर आहे, पण पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते ती इन्व्हर्टर संपवूनच येते. मग मी कारखान्यातून फोन करायचा, "आई, डब्याचं बटण दाब," आणि तिनं विचारायचं, "हिरवा दिवा की पांढरा?" आता ती विचारतही नाही. दाबून मलाच कळवते.

या लाईटनंच मला सर्वांत चांगला धडा दिला. मार्चमध्ये एका रात्री लाईट आणि फायबर दोन्ही गेलं. सकाळी दोन्ही आल्यावर एका व्हीएमवर पॅकेज टाकायला गेलो तर सर्टिफिकेट अजून वैध नाही, असा निरोप. सबस्क्रिप्शन गेलं की काय म्हणून पुन्हा नोंदणी केली, फायरवॉल बंद केली, डीएनएस बदलला. दोन तास. शेवटी सहज डेट टाइप केलं तर २०१८ साल चालू होतं. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल मेलेला, लाईट गेली की घड्याळ मागे, आणि त्या व्हीएमवर वेळ जुळवणारी क्रोनी सेवा मीच सरावासाठी बंद करून विसरलो होतो. २०१८ मध्ये बसलेल्या मशीनला आजचं सर्टिफिकेट भविष्यातलंच वाटणार. घड्याळजीकडून नवा सेल आणला, चाळीस रुपये. (सेल काढला म्हणून बायोसचा पासवर्ड जाईल ही आशा फोल ठरली.)

महिन्याभरात एप्रिलच्या ऐन गर्दीत, रात्री साडेअकराला, काट्यावरून फोन. पावतीवर २००९ सालची तारीख छापून येत होती आणि टेम्पोवाला पावती घ्यायला तयार नव्हता. "साहेब, माझा माल काय गेल्या जन्मातला?" फाटकापासून रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग. मी फोनवरच सांगितलं, तारीख हातानं बदला, सकाळी सेल घेऊन येतो. शेठला वाटलं मी जादू केली. मी काही बोललो नाही.

बॅकअपचंही तसंच. शेठच्या परवानगीनं कारखान्याचा हिशेबाचा बॅकअप एनक्रिप्ट करून घरी आणला आणि एका व्हीएमवर परत उभा करून पाहिला. रोज रात्री बिनचूक चालणारा, यशस्वी असा हिरवा निरोप देणारा बॅकअप आदल्या वर्षाच्या फोल्डरचाच होता. नव्या आर्थिक वर्षाचं फोल्डर यादीत घातलेलंच नव्हतं. घालायचं कुणी? मीच. त्या रात्री झोप लागली नाही, पण कळलं ते माजघरात कळलं, डिस्क मेल्यावर नाही.

नेटचा त्रास अभ्यासाच्या पथ्यावर पडला, हे मात्र अपेक्षित नव्हतं. वादळी पावसात झाड पडलं की फायबर दोन-दोन दिवस जातं. म्हणून रेड हॅटची पूर्ण डीव्हीडी इमेज, दहा जीबीच्या आसपास, एकदाच उतरवून घेतली आणि तीच माउंट करून घरातल्या सगळ्या व्हीएमसाठी रेपॉझिटरी (पॅकेजचं कोठार) बनवली. बेसओएस आणि अ‍ॅपस्ट्रीम हे पॅकेजचे दोन्ही संच त्यात असतात. नेट नसेल तर विचारायचं कुणाला? मॅन पेजला, म्हणजे लिनक्समध्येच असलेल्या कमांडच्या माहितीपानाला. आधी मॅन पेज बघून झोप यायची. जूनपर्यंत एसई-मॅनेज-एफकॉन्टेक्स्टच्या (एसई-लिनक्सची लेबलं ठरवणाऱ्या कमांडच्या) पानावर तळाशी उदाहरणं असतात हे डोळे मिटून सांगता यायला लागलं. परीक्षेतही नेट नसतं, मॅन पेजच असतात. क्लाउडवर भाड्यानं मशीन घेऊन अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या मित्राला हे सुख नाही.

परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा फेब्रुवारीत, रातराणीनं पुण्याला जाऊन, अर्धवट झोपेत. १९४. आत काय विचारलं ते लिहिता येत नाही, तशी अट मान्य करूनच बसावं लागतं. एवढं सांगतो की निकालात विषयवार टक्के येतात आणि माझे स्टोरेजमध्ये मार खाल्लेले होते. केलेलं काम रीबूटनंतर टिकलं नाही तर ते केलेलं धरत नाहीत, आणि मी घाईत रीबूट करून पाहिलंच नव्हतं. आंब्याचा हंगाम संपल्यावर जूनमध्ये परत गेलो, या वेळी आदल्या दिवशीच. प्रत्येक कामानंतर रीबूट. २६१. जुलैत कारखान्यातले दोन्ही सर्व्हर अल्मावर हलवले. भीती वाटली, पण ती वेगळी, कामाची भीती.

घ्यायचा असेल तर दुकानात उभं राहून, स्क्रीन लावून, बायोस उघडून बघा. पासवर्ड मागितला तर तिथेच काढून मागा. रॅमचे दोन्ही स्लॉट चालतात का पाहा आणि अडॅप्टर मूळचाच आहे ना ते तपासा. माझ्यासोबत आलेला डुप्लिकेट होता, मेमध्ये वास येऊन गेला. नेटवर्कचं पोर्ट एकच असतं, अभ्यासाला तेवढं पुरतं कारण बाकी नेटवर्क आत आभासी करता येतं. ज्यांना गेम खेळायचेत किंवा मोठे व्हिडिओ करायचेत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि समुद्राजवळ राहत असाल तर पडवी विसरा.

पुढे आरएचसीई या वरच्या परीक्षेसाठी अ‍ॅन्सिबल (एका मशीनवरून अनेक मशीनं सांभाळायचं साधन) घेतलंय. हुकूम देणारा एक कंट्रोल नोड, तो ऐकणारे चार मॅनेज्ड, डबा अजून दम खात नाही. यंदा गणपतीनंतर दादा परत जाताना डबा सोबत घेऊन जाणार, दुकानदाराकडून पासवर्ड काढून घ्यायला. तोवर बटण आईकडे.