स्प्रे कॅन की एअरब्रश? कोल्हापुरात १/२४ स्पोर्ट्स कार रंगवणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

राजारामपुरीत खोली घेऊन अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने टामिया कंपनीचे टोयोटा सुप्राचे १/२४ प्रमाणातले (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचे, प्लॅस्टिकचे भाग जुळवून करायचे) मॉडेल किट मागवले आहे. त्याची बॉडी तयार रंगाच्या स्प्रे कॅनने रंगवावी की एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे साधन) आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घेऊनच कामाला लागावे, असा त्याचा प्रश्न आहे. दोन्ही मार्गांनी उत्तम गाड्या रंगवल्या जातात, त्यामुळे कोणता श्रेष्ठ या वादात शिरण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात राहून, भाड्याच्या खोलीत, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि पुढे किती गाड्या करायच्या आहेत, यावर उत्तर ठरते.

हाताने ब्रश मारून बॉडी रंगवण्याचा तिसरा पर्याय मी सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. डॅशबोर्ड, सीट, इंजिनाचे भाग आणि दिव्यांच्या कडा यांसाठी ब्रशच योग्य आहे. पण बॉनेटच्या सपाट, चकचकीत पृष्ठभागावर ब्रशच्या रेषा उमटतात आणि त्या घासून काढण्यात जितका वेळ जातो तितक्या वेळात दुसरी गाडी होते. ज्यांना रंगाची कटकटच नको, त्यांच्यासाठी आओशिमा कंपनीची १/३२ प्रमाणातली, रंगीत प्लॅस्टिकची, गोंदाशिवाय जुळणारी किटे मिळतात; त्यांचा विचार या लेखात केलेला नाही.

कॅन असो वा एअरब्रश, त्याआधीचे काम अगदी सारखेच आहे आणि बहुतेकांची गाडी तिथेच बिघडते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बॉडीवर एक बारीक उठावदार रेघ राहते. ती चाकांवरच्या फुगवट्यांवरून आणि काचेच्या खांबांवरून धावते. आठशे नंबरच्या पाणीपेपरने ती काढली नाही तर चकाकत्या रंगाखाली ती दुप्पट ठळक दिसते. नंतर भांडी घासण्याच्या साबणाने बॉडी धुवायची, म्हणजे साच्याचे तेलकट अंश आणि बोटांचे डाग निघतात. मग प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हात द्यायचा: लाल आणि पिवळ्या रंगाखाली पांढरा, गडद रंगांखाली करडा. किटचे प्लॅस्टिक लाल असेल आणि वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर प्लॅस्टिकमधला लाल रंग वर झिरपून पांढऱ्याचा गुलाबी होतो, म्हणून मध्ये चंदेरी रंगाचा एक आडपडदा द्यावा लागतो.

आता मुख्य फरकाकडे वळू. खरी सुप्रा सुमारे ४.५ मीटर लांबीची, तर १/२४ मध्ये ती जेमतेम १९ सेंटिमीटर भरते. गाडी लहान होते, पण रंगाची जाडी तिच्याबरोबर लहान होत नाही. खऱ्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. मॉडेलवर आपण नुसते ५० मायक्रॉन दिले, तरी प्रमाणाने हिशेब केला तर ते सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीच्या थराइतके होतात. दरवाज्याभोवतीच्या फटीची रुंदी खऱ्या गाडीत चार मिलिमीटर धरली, तर मॉडेलमध्ये ती मिलिमीटरचा सहावा हिस्सा होते, आणि तिच्या दोन्ही भिंतींवर रंग चढला की फट बुजू लागते. दसरा चौकात शाही दसऱ्याला येणारी छत्रपतींची मेबॅक मोटार जवळून पाहिली, तर दरवाज्याची कड किती धारदार दिसते ते लक्षात येते. मॉडेलमध्ये नेमकी तीच कड आधी मरते. या एका मुद्द्यावर एअरब्रश निर्विवाद पुढे आहे, कारण तो रंगाचा अत्यंत पातळ थर देतो. कॅनचा फवारा जाड आणि जोरकस असतो; तो वापरणाऱ्याने रंगाआधी फटींवरून टोकदार हत्याराने दोन-तीनदा हलकेच रेघ ओढून त्या खोल करून घ्याव्यात.

म्हणून कॅन कमी प्रतीचा ठरत नाही. टामियाच्या टीएस मालिकेतला १०० मिलिलिटरचा कॅन हा सिंथेटिक लॅकर (सॉल्व्हंट म्हणजे विरघळवणारा द्रव उडून झटपट सुकणारा रंग) आहे आणि त्याचा रंग, त्याचे पातळपण व वायूचा दाब कारखान्यातच जुळवलेले असतात. नवशिक्यासाठी हे मोठे वरदान आहे, कारण चुकण्याच्या निम्म्या जागा आधीच बंद होतात. फवारण्यापूर्वी कॅन कोमट पाण्यात काही मिनिटे धरला की दाब वाढतो आणि थेंब बारीक होतात. मात्र पाणी हाताला सहज सोसेल इतकेच गरम हवे आणि कॅन शेगडीजवळ कधीही नेऊ नये. एका कॅनमध्ये १/२४ च्या दोन बॉडी सहज होतात.

हात कसा फिरवायचा हे मी एखाद्या जपानी पुस्तिकेतून शिकलो नाही. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीच्या दिवसांत मूर्तींवर गनने रंग मारला जातो, तिथे तासभर उभे राहिले तरी पुरते. कारागीर गन मूर्तीच्या बाहेर सुरू करतो, एका चालीत मूर्तीवरून नेतो आणि बाहेर गेल्यावरच बंद करतो. मूर्तीवर असताना त्याचा हात थांबत नाही. मी विचारले तेव्हा एकाने डोके वर न काढताच सांगितले, “थांबलास की ओघळ आला म्हणून समज.” कॅनला हा नियम शंभर टक्के लागू आहे: २०-२५ सेंटिमीटर अंतर, पहिले दोन हात धुक्यासारखे, आणि मगच एक ओला हात, म्हणजे पृष्ठभाग ओला चकाकेल इतका भरीव. अंतर वाढले तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

एअरब्रश हीच गोष्ट निराळ्या पद्धतीने करतो. वर वाटी असलेला, एकाच खटक्यावर हवा आणि रंग वेगवेगळे सांभाळणारा डबल ॲक्शन एअरब्रश आणि ०.३ मिलिमीटरचे नोझल (रंग बाहेर पडण्याचे तोंड) हे बहुतेक कामांना पुरते. बॉडीवर क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, देताना ०.५ चे नोझल असेल तर रंग अधिक ओला आणि सपाट बसतो. दाब साधारण १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवावा आणि रंग दुधाइतका पातळ करावा. वाटीच्या कडेवर रंग चढवला आणि तो दुधासारखाच मागे पातळ पडदा ठेवून उतरला, म्हणजे मिश्रण जमले. हे ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्या महिन्यात मिश्रण कधी पाण्यासारखे पातळ होते तर कधी सुईच्या टोकावर सुकून थुंकल्यासारखे शिंतोडे उडतात. सुप्रावर हात टाकण्याआधी दहा-पंधरा फवारण्या टाकाऊ प्लॅस्टिकवर कराव्याच लागतात. पूर्वी यासाठी प्लॅस्टिकचे चमचे वापरत; १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, तेव्हापासून मी किटमधल्या भागांच्या रिकाम्या चौकटी जपून ठेवतो.

कोल्हापूरचा पावसाळा मध्ये आला की हा सगळा हिशेब बदलतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि अशा हवेत लॅकर मारला की त्यातला सॉल्व्हंट भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली बाष्प त्यावर बसते आणि लाल रंगावर दुधी सायीसारखा पांढुरका थर येतो. काही वर्षांपूर्वी आषाढात पावसाने दुपारी उघडीप दिली म्हणून मी गच्चीवर जाऊन टीएस मालिकेतला लाल रंग मारला. आकाश निळे होते, पण हवा ओलीच होती. अर्ध्या तासात बॉनेट कुंकवावर भस्म पडल्यासारखे दिसू लागले. दोष ना कंपनीचा होता ना कॅनचा. घाई माझी होती.

या संकटात दोन्ही साधनांचा खरा स्वभाव कळतो. कॅनमध्ये जे भरले आहे त्यात आपल्याला काहीही मिसळता येत नाही. पाऊस असेल तर थांबणे एवढाच उपाय उरतो. एअरब्रशच्या वाटीत मात्र रंग सावकाश सुकवणारे लेव्हलिंग थिनर घालता येते, त्यामुळे पृष्ठभाग एकदम थंड पडत नाही आणि दमटपणा पुष्कळसा आटोक्यात राहतो. आधीच आलेली साय नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा देऊन बऱ्याचदा विरघळवताही येते. माझे बॉनेट पुढे उसन्या एअरब्रशने असेच वाचले. पण एअरब्रशलाही पावसाळा फुकट सोडत नाही. दाबलेल्या हवेतले पाणी नळीत साचते आणि नेमक्या शेवटच्या ओल्या हाताला थेंब होऊन बाहेर पडते. म्हणून पाणी अडवणारा ट्रॅप आणि छोटी टाकी असलेलाच कॉम्प्रेसर घ्यावा.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि कॅनसाठी वर्षातला उत्तम काळ सुरू होतो. पण त्याच वेळी साखर कारखान्यांचा गळीत हंगामही सुरू होतो. वारा फिरला की गच्चीवरच्या धुतलेल्या चादरीवर बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेचे काळे कण पडतात हे इथल्या घराघरांत माहीत आहे, आणि ओल्या पांढऱ्या बॉनेटवर तसा एक कण बसला की तो काढायला पाणीपेपरच घ्यावा लागतो. एअरब्रश खोलीत चालतो, कॅनला बहुधा गच्चीच लागते, म्हणून हिवाळ्यात काजळीचा त्रास कॅनवाल्यालाच जास्त. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र दोघांनीही थांबावे आणि सकाळी आठच्या आत काम उरकावे.

खोलीचा विचार भाच्याच्या बाबतीत निर्णायक आहे. कॅनमधला बराच रंग गाडीवर न बसता हवेत जातो, शिवाय त्यातला वायू ज्वलनशील असतो. शेजारच्या खोलीत गॅस किंवा देवापुढे समई तेवत असेल तर आत फवारणे हा शुद्ध अविचार आहे. एअरब्रशचा फवारा अरुंद असल्याने खिडकीला लावलेल्या खोक्यात काम भागते, पण लॅकरच्या वाफा तिथेही असतात आणि ठिणगीचा धोकाही. कापडी मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूस असलेला मास्कच हवा. कॉम्प्रेसर रात्री फ्रीजपेक्षा जास्त घरघरतो, हे घरमालकाला आधी सांगितलेले बरे. आणि प्रत्येक रंगानंतर एअरब्रश धुण्यात पाच-दहा मिनिटे जातात. ज्याला ती कंटाळवाणी वाटतात, त्याच्या एअरब्रशची सुई दुसऱ्या महिन्यात अडकते.

पैशाचे गणित सरळ आहे. ठीकठाक एअरब्रश, टाकीवाला कॉम्प्रेसर आणि मास्क यांच्या किमतीत दहा-बारा कॅन सहज येतात. एका सुप्राला प्रायमर, रंग आणि क्लिअर असे तीन कॅन लागतात. म्हणजे दर गाडीला तिन्ही कॅन नवे धरले, तर चार गाड्यांपर्यंत कॅन स्वस्त, त्यापुढे एअरब्रश. मात्र कॅन हा दाबाखालचा ज्वलनशील माल असल्याने विमानाने पाठवायला बंधने आहेत. त्यामुळे मागवलेली विशिष्ट छटा वेळेवर येईलच असे धरू नये, तर एअरब्रशसाठीच्या १० मिलिलिटरच्या बाटल्यांतून छटा स्वतः मिसळता येते. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातले मोटारीच्या रंगाचे मोठे कॅन मोहात पाडतात, पण त्यांतला सॉल्व्हंट उघड्या पॉलिस्टायरीनला (किटच्या प्लॅस्टिकला) खाऊन जाळीदार भेगा पाडू शकतो; वापरायचेच असतील तर प्रायमरवर आणि आधी चौकटीच्या तुकड्यावर. तिथलेच एनसी थिनर एअरब्रश धुवायला उत्तम आहे, पण त्याने प्लॅस्टिक पुसू नये, ते विरघळते.

चंदेरी किंवा मेटॅलिक छटा निवडायची असेल तर मी स्पष्टपणे एअरब्रश सुचवेन. कॅनच्या ओल्या हातात धातूचे कण वाहून ढग जमतात आणि ते घासूनही जात नाहीत. साध्या लाल, पांढऱ्या, काळ्या रंगात कॅन जवळजवळ बरोबरीला येतो, कारण शेवटी दोन हजार नंबरचा पाणीपेपर आणि पॉलिशिंग कंपाउंड सगळी साल उतरवते. क्लिअर देताना दोघांनाही एकच पथ्य आहे: डिकॅल्सवर (बॉडीवर चिकटवलेल्या पातळ छापील चित्रांवर) पहिले दोन हात कोरडे द्यावेत, नाहीतर लॅकर त्यांना सुरकुत्या पाडतो.

म्हणून भाच्याला मी असे सांगितले आहे. ही पहिली गाडी आहे, रंग साधा लाल आहे आणि हाती नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आहेत, तेव्हा कॅन घे. सकाळी दहानंतर, दव ओसरल्यावर, गच्चीवर मोठ्या खोक्याच्या आडोशाने मार. ही गाडी करताना हात बसला आणि दुसरी मेटॅलिक करायची इच्छा झाली, किंवा जुलैमध्येही हात शिवशिवले, तर एअरब्रश घे. तेव्हा अस्तर, अंतर आणि ओला हात यांची समज आलेली असेल आणि शिकायला फक्त मिश्रण उरेल. आधीच तिसऱ्या-चौथ्या गाडीवर असलेल्याने मात्र कॅनवर आणखी पैसे घालवू नयेत.

रंग झाल्यावर बॉडी लगेच पिठाच्या कोरड्या, स्वच्छ डब्यात ठेवून झाकण सैल लावावे, म्हणजे काजळी आणि धूळ दोन्ही टळतात. लॅकर तासाभरात हाताला सुकल्यासारखा वाटतो, पण आत तो आठवडाभर आकसत असतो. आठव्या दिवशी डबा उघडून नाक जवळ न्यावे. थिनरचा वास येत असेल तर पॉलिश करायला घेऊ नये, झाकण पुन्हा लावावे.