जिप्सी की जुनी जीप? घरी रिस्टोअर करायला कोणती घ्यावी

गंज खाल्लेली एखादी छोटी फोर-बाय-फोर घ्यायची आणि घरच्या अंगणात सवडीने उभी करायची, असं डोक्यात आलं की आपल्याकडे फिरून फिरून दोनच नावं समोर येतात. एक मारुती जिप्सी. दुसरी महिंद्राची आखूड जीप, म्हणजे पेट्रोलची सीजे-३बी किंवा डिझेलची एमएम-५४०. बहुतेक जण इंजिन ऐकून ठरवतात. विकणारा सेल्फ मारतो, गाडी एका झटक्यात चालू होते आणि घेणारा तिथेच विरघळतो. माझं म्हणणं असं की इंजिन शेवटी बघा. ते कुठल्याही तालुक्याच्या गावी बांधून मिळतं. पत्र्याचं तसं नाही, म्हणून सुरुवात पत्र्यापासून.

पत्रा

जीपचा पत्रा जाड आणि बराचसा सपाट असतो. सीजे-३बीची बॉडी तर जवळजवळ सगळी सरळ रेषांचीच, मडगार्डसुद्धा वाकवलेल्या पट्टीसारखं. फ्लोअर कुजला असेल तर अठरा गेजचा सीआर (कोल्ड-रोल्ड) पत्रा आणायचा, पुठ्ठ्याचा नमुना कापायचा आणि ग्रिल-शटरची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून बेंड मारून घ्यायचा. समोरची काचही सपाट, त्यामुळे लॅमिनेटेड काच मापाने कापून बसवता येते. सगळंच गेलं असेल तर हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीपच्या अख्ख्या बॉड्या नव्या बनवून मिळतात. अर्थात ती बॉडी बसवली की गाडी जुनी राहिली किती, हा प्रश्न उरतोच, आणि तो पुढे कागदपत्रांतही डोकं वर काढतो.

जिप्सीचा पत्रा पातळ आहे आणि साच्यात दाबून घडवलेला आहे. फ्लोअरला ज्या उठावाच्या पट्ट्या दिसतात त्या शोभेच्या नाहीत, पातळ पत्र्याला ताठपणा त्यांच्यामुळेच येतो. तिथे साधा सपाट तुकडा जोडला तर तो पायाखाली डबडब वाजतो आणि चालत्या गाडीत घुमतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे दारांखालचे बीम, समोरच्या काचेची फ्रेम आणि मागचे कोपरे दुहेरी पत्र्याचे आहेत. गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आतला पत्रा चाळणी झालेला असतो. वर पुटी भरून चकाचक रंगवलेली जिप्सी विकायला ठेवणं म्हणूनच इतकं सोपं जातं.

बघायला जाताना चुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी न्या. चुंबक पुटीवर चिकटत नाही. मॅटिंग उचलून ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर दाबा, मागच्या चाकांच्या कमानीच्या आतल्या बाजूला दाबा, आणि बॉडी ज्या रबरी माउंटांवर बसते त्यांच्या भोवती दाबा. मग गाडीखाली शिरा. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे शॅकलने, म्हणजे झुलत्या कडीने लटकतात, तिथे चॅसीच्या पोकळ नळीत चिखल साचून राहतो. हातोडीने हलके ठोकत मागे जा. खणखणीत आवाज आला तर चॅसी जिवंत आहे. बद्द वाजलं तर आत माती आहे किंवा पापुद्रे सुटलेत. कोकणात वापरलेल्या गाडीत खारी हवा आणि जांभ्याची लाल माती दोन्ही असतात, तिथे ही तपासणी दुप्पट वेळ लावून करा. जीपलाही हेच लागू आहे, फक्त जीप आपलं दुखणं लपवत नाही.

घरच्या कामात खरा फरक वेल्डिंगला पडतो. जीपच्या जाड पत्र्यावर हात बसलेला माणूस बारीक रॉडने साध्या आर्क वेल्डिंगवरही निभावून नेतो. जिप्सीवर तो प्रकार केला तर भोक बुजवायला गेलेलं भोक मोठं होतं. तिथे सीओटू वेल्डिंगच हवं, म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तारेने होणारं, तेही सलग नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तो लाटेसारखा वाकतो. दोन्ही गाड्यांना समान नियम: बॅटरी सोडवा आणि इंधनाची टाकी काढून दूर ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. आतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातक. ठिगळाला गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर बाधतो.

यांत्रिक काम

इथे जिप्सी सरळ पुढे आहे. १९८५ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या एमजी-४१० ला ९७० सीसीचं ४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, १२९८ सीसी आणि ६० अश्वशक्तीची, पाच गिअरची. २००० पासून एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं इंजिन, ८० अश्वशक्ती. किंगचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे उतरवायला फार सरंजाम लागत नाही. शिवाय ते एस्टीमच्या घराण्यातलं असल्याने गॅस्केट, बेअरिंगं, टायमिंग बेल्ट यांची वानवा नाही. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट. घरी काम करणाऱ्याला हे फार सोयीचं, कारण एकेक अवजड वस्तू सुटी होते. पुढच्या एक्सलच्या नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) तेल-ग्रीस गळत असेल तर घाबरू नका. सील आणि बेअरिंगं बदलायचं ते ठरलेलं काम आहे, पण भाव पाडायला चांगलं कारण.

जीपचं बरंचसं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. एमएम-५४० च्या २११२ सीसी पुजो डिझेलला चेन पुली आणि ती पेलणारा मजबूत आधार हवाच. पोर्चच्या पत्र्याच्या पाइपला इंजिन टांगू नका. सीजेचे नटबोल्ट इंची मापाचे, पुजो इंजिनाचे मेट्रिक, म्हणजे एमएम-५४० वर काम करायचं तर पान्यांचे दोन्ही सेट घ्यायचे. मात्र डिझेलमध्ये नाजूक असं फारसं काही नाही. कॉम्प्रेशन बरं असेल आणि पंप-नोझल लॅबमधून तपासून आणले तर ते इंजिन तुमची विचारपूस न करता चालत राहतं.

कार्बोरेटरवाली जिप्सी किंवा पेट्रोल सीजे घेणाऱ्याने एक खर्च आधीच धरावा. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुने रबरी पाइप, डायफ्राम, सील त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो. रिस्टोअर होत असलेली गाडी उभीच असते, हे वेगळं सांगायला नको.

कागद

सगळ्यात जास्त स्वप्नं इथे मोडतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे आरसी संपलेली गाडी घेताना तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

जीपच्या बाबतीत आरसीवरचं इंधन आधी वाचा. पेट्रोल सीजेत डिझेल इंजिन घालण्याची पद्धत एके काळी घरोघरी होती आणि नोंद करायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. वडापला लावलेल्या जीपांची तर लांबी आणि सीटं दोन्ही वाढवलेली सापडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल चालू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेला धरूनच गाडी हवी असं बजावलं. जिप्सीत ही भानगड कमी, पण तिचं स्वतःचं दुखणं आहे: लष्कराच्या लिलावातली गाडी. लिलावाचा मूळ विक्री-कागद नसेल तर ती नोंदणीच्या दृष्टीने भंगार. ‘नंतर देतो’ याचा अर्थ ‘कागद नाही’ असाच घ्यायचा.

पन्नाशी ओलांडलेल्या सीजे-३बीला मात्र एक दार उघडं आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंद होऊ शकते. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. डबवालीची नवी बॉडी इथे आड येते ती अशी.

गंज काढताना कोरलेल्या चॅसी नंबरवर ग्राइंडर कधीही फिरवू नका, कोणतीही गाडी असो. तेवढा भाग हाताने, वायर ब्रशने साफ करा, आणि घेण्याआधीच पेन्सिलने त्याची छाप उमटवून आरसीशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा.

मग कोणती?

सुट्टीच्या दिवशी घाटात, मातीत गाडी पळवायची आहे आणि घरचं काम म्हणजे तुमच्या लेखी पाटे, बुश, ब्रेक, वायरिंग, रंग इतकंच असेल, तर जिप्सी किंग घ्या. पण पत्रा धड असलेली, मग तिचं इंजिन धूर टाकत असलं तरी चालेल. चार पैसे जास्त द्या. पत्रा गेलेली स्वस्त जिप्सी शेवटी चांगल्या जिप्सीपेक्षा महाग पडते, कारण ते काम डेंटरकडे जातं आणि डेंटर तासांवर मोजतो.

हातात ग्राइंडर धरायची हौस आहे, वेल्डिंग शिकायचं आहे, वर्षभर गाडी विटांवर उभी राहिली तरी घरात कुरबुर होणार नाही, अशी स्थिती असेल तर एमएम-५४०. तिच्या जाड पत्र्यावर शिकताना झालेलं वाकडंतिकडं घासून सरळ करता येतं. सीजे-३बी मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याला पळवण्यापेक्षा मूळ रूप राखण्यात रस आहे, आणि गाडीही अशीच जिचा आरसी मूळ इंधनासकट साफ आहे.

फ्लॅटच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर जीपचा विचार सोडा. ग्राइंडरच्या पहिल्याच रविवारी सोसायटीची नोटीस येईल. जिप्सीचं सुटं-सुटं काम तिथे निभतं आणि वेल्डिंगपुरती गाडी बाहेर नेता येते.