चाकाचा आवाज: बेअरिंग बदलायचं की ब्रेक?

चाकातून आवाज यायला लागला की बरेच जण आधी ब्रेक पॅड बदलून टाकतात, कारण ते काम सोपं असतं. बेअरिंग (चाक सहज फिरू देणारा आतला भाग) गेलेलं असेल तर नव्या पॅडनंतरही आवाज तसाच राहतो.

बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते आणि ब्रेक दाबून सहसा थांबत नाही. ब्रेकचा आवाज मात्र पेडलवरच्या पायाबरोबर बदलतो. पॅड संपत आलं की त्याची सूचक पट्टी डिस्कला (चाकाबरोबर फिरणारी चकती) घासून किंचाळते. पॅड पुरतं संपलं की लोखंडावर लोखंड खरवडतं. पेडल पायाखाली थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नसावी. एकच चाक जास्त तापतंय आणि जळका वास येतोय, तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकला आहे का ते बघा.

मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर. फसवतो तो ओबडधोबड झिजलेला टायर, त्याची घरघर अगदी अशीच असते. पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की तीही बदलते.

खात्री करायची तर चाक उचलावंच लागतं. गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) किंवा सस्पेन्शनचा. ब्रेक दाबल्यावर डिस्क कॅलिपरमध्ये घट्ट धरली जाते आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) डुलायला जागाच उरत नाही, म्हणून ही चाचणी इतकी भरवशाची. प्ले नसला तरी बेअरिंगला लगेच निर्दोष ठरवू नका. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर हाताला कळते.

आता खर्चाचा निर्णय. हब बोल्टने बसणारं असेल तर पूर्ण युनिट बदला, घरीही जमेल. दाबून बसवायचं बेअरिंग सुटं मिळतं, पण त्याला प्रेस (दाब देणारं यंत्र) लागतो. नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा भाग) बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. हातोड्याने ठोकणाऱ्याकडे हे काम देऊ नका. एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकीय रिंग बेअरिंगच्या सीलमध्ये असेल तर ती बाजू सेन्सरकडेच हवी.

ब्रेकचं गणित सोपं आहे. पॅडचं अस्तर 3 मिमीच्या आसपास आलं की एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड बदला. डिस्क मायक्रोमीटरने मोजा; किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. आतलं पॅड झिजलंय आणि बाहेरचं जाड आहे, तर कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांवर तो सरकतो) अडकल्या आहेत का ते आधी तपासा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील. बेअरिंग मात्र एकाच बाजूचं बदललं तरी चालतं.

दोन्ही बिघडलं असेल तर पहिला मान बेअरिंगचा. त्याच्या प्लेमुळे डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं. नवे पॅड हे थांबवू शकत नाहीत. प्ले हाताला जाणवत असेल किंवा लोखंड घासत असेल, तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका.