गच्चीवरून केबल घरात घेताना माझे २६,७०० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

दोन महिने झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितोय. हॅमचं म्हणजे हौशी रेडिओचं लायसन आलं, साताऱ्यात आमच्या गच्चीवर व्हीएचएफचा (जवळच्या अंतरावर बोलायच्या रेडिओ लहरींचा) अँटेना लावायचा आणि केबल खाली माझ्या खोलीत घ्यायची होती. भिंतीला भोक पाडणं, अर्थिंग वगैरे मला जमत नाही म्हणून एकाला बोलावलं. स्वतःला हॅम म्हणवायचा, कॉल साइनपण (लायसनसोबत मिळणारी हॅमची ओळखखूण) सांगितला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. कॉल साइन आधी पडताळा! आरजी-२१३ केबल (अँटेनाची जाड केबल) ४० मीटर १२,४००, लाइटनिंग अरेस्टर (केबलमधून येणारा विजेचा झटका जमिनीत सोडणारी डबी) ३,८००, तांब्याच्या पट्टीचं अर्थिंग ६,५००, मजुरी ४,०००. सगळे यूपीआयने. बिल म्हणे उद्या देतो.

कनेक्टर केबलवर सैल हलत होता. तेव्हाच कळायला हवं होतं, रोज रात्री तेच डोळ्यासमोर येतं. आरजी-२१३ जवळपास १०.३ मिमी जाड असते, कनेक्टर तिच्यावर घट्ट बसतो, सैल हलतो म्हणजे केबल बारीक, दुसरीच, हे मला माहीत होतं हो. तो म्हणाला "सर सोल्डर मारला की बसतंय" आणि वरून काळी टेप गुंडाळली, आणि मी गप्प बसलो. मग त्याने एसडब्ल्यूआर मीटर लावला (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवतो, १ च्या जवळ म्हणजे चांगलं), काटा १.२ वर, मी खूश होऊन उरलेले पैसे पाठवले. पण केबलच पॉवर खात असेल तर परत येणारी पॉवरही वाटेतच जिरते आणि मीटर चांगलंच दाखवतो, नवीन माणसाला हे कोण सांगणार? वरच्या टोकाला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून तिथे वॅट मोजा, तेव्हाच खरं कळतं. माझ्याकडे २५ वॅटमधले जेमतेम ४ पोचत होते.

पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट रेडिओच्या मागे. भोक आतल्या बाजूला उतरतं पाडलेलं, ते बाहेर उतरतं हवं, आणि बाहेर केबलला भोकाच्या खाली झोळ हवा म्हणजे पाणी तिथेच गळतं. मग सगळं उकललं. आतल्या तारेला चुंबक चिकटलं, म्हणजे लोखंडावर तांब्याचा मुलामा. अरेस्टरच्या डबीत गॅस ट्यूबच नाही, झटका जमिनीत सोडणारा मुख्य भाग तोच. अर्थिंगची पट्टी मातीत वीतभर जाऊन संपलेली, खड्डा बुजवताना मी खाली चहा सांगायला गेलो होतो. घरात म्हातारी आई असते, वीज पडली असती तर?

चौकीत गेलो तर "डिशची केबल का?" समजावून सांगितलं तर उलट माझंच लायसन मागितलं, वायरलेस घरात ठेवायला परवानगी आहे का, झेरॉक्स आणा, दोन तास बाकड्यावर बसवलं आणि शेवटी हा दिवाणी वाद आहे म्हणाले. सायबर हेल्पलाइनवाले म्हणतात माल मिळालाय, हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रार यूपीआयच्या नोंदीवरही करता येते, पण बिल नसलं की सिद्ध करणं अवघड. बिल नाही म्हणून पुरावा कच्चा आणि पुरावा कच्चा म्हणून तो मोकळा, मग सामान्य माणसाने जायचं कुठे?? बिल हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

त्याचा नंबर अजून चालू आहे, माझ्या गच्चीचा फोटो दाखवून तो कराडकडे कामं धरतोय असं ऐकलं. तिकडे कुणाला फोन आला असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी मला मेसेज करा, कापलेला केबलचा तुकडा मी जपून ठेवलाय.